घरात सापडलेल्या अनोळखी जुन्या वाहनभागाची ओळख : पुरावा, क्रम आणि मर्यादा

सारांश

जुन्या घराच्या माळ्यावर, फडताळात किंवा ट्रंकेत एखादा अनोळखी धातूचा भाग सापडतो आणि तो कुठल्यातरी जुन्या मोटारीचा असावा असा तर्क केला जातो. अशा वस्तूची ओळख पटविण्यासाठी तिचे कार्य, पदार्थ, मापे, आटे आणि तिच्यावरील अक्षरे व अंक यांचा क्रमाने कसा उपयोग करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. भारतीय परिस्थितीत उपयोगी पडणाऱ्या कालनिर्णायक खुणा स्वतंत्रपणे नोंदविल्या असून मॅग्नेटो या भागाचे सविस्तर उदाहरण घेतले आहे.

बीजसंज्ञा : वाहनभाग, भौतिक पुरावा, कालनिर्णय, मॅग्नेटो, जतन.

१. प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, नाणी, ताम्रपट, शिलालेख यांचा उल्लेख होतो. विसाव्या शतकातील यंत्रवस्तूंना मात्र हा मान क्वचितच मिळतो. वाडा पाडून इमारत उभी राहते, वाटणी होते, घर रिकामे करावे लागते. आणि अशा वेळी सापडलेला पितळी दिवा, घोड्याच्या नालासारख्या चुंबकाचे जड यंत्र किंवा काचेची तबकडी असलेला मापक किलोच्या भावाने भंगारात जातो. एकदा वितळलेली वस्तू परत मिळत नाही. तिच्याबरोबर त्या कुटुंबाने किंवा गावाने कोणते वाहन, केव्हा आणि कशासाठी वापरले याचा कदाचित एकमेव पुरावाही नष्ट होतो.

याउलट दुसराही धोका आहे. ‘हा आजोबांच्या मोटारीचा भाग’ अशी समजूत एकदा रूढ झाली की पुढच्या पिढीत तिला सत्याचा दर्जा मिळतो. विक्रीच्या वेळी अशा समजुतीवर पैसेही मोजले जातात. म्हणून भंगारवाल्याची घाई आणि घरच्यांची हौस या दोहोंपासून वस्तूला वाचवणारी पद्धत आवश्यक ठरते.

२. ओळखीपूर्वीची दक्षता

अनोळखी वस्तू हाती येताच ती चिंच, राख किंवा पॉलिश कागद लावून लखलखीत करण्याकडे स्वाभाविक कल असतो. ओळखीच्या दृष्टीने ही सर्वांत हानिकारक कृती होय. मूळ रंगाचा थर, निकेलचा उरलेला मुलामा, पुसट छापलेले अंक, ग्रीसमध्ये अडकलेली माती हे सारे पुरावेच असतात. प्रथम वस्तू आहे त्या स्थितीत सर्व बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रित करावी. ती कुठे, कशात गुंडाळलेली आणि कोणत्या इतर वस्तूंसोबत सापडली याची नोंद करावी. गुंडाळलेल्या वर्तमानपत्राची तारीख ही वस्तूच्या निर्मितीची तारीख नसते. ती वस्तू केव्हा बाजूला ठेवली गेली, याचा मात्र ती अंदाज देते.

आरोग्याच्या दृष्टीनेही काही धोके लक्षात घ्यावे लागतात. जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असते; ती घासल्यास किंवा फुंकर मारून साफ केल्यास घातक तंतू श्वासात जातात. जुन्या मापकांच्या, विशेषतः लष्करी वापरातील मापकांच्या, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांसाठी रेडियमयुक्त रंग वापरला जात असे. आज ते आकडे चमकत नसले तरी धोका संपलेला नसतो. त्या रंगातील झिंक सल्फाइड निकामी झालेले असते, रेडियम मात्र शिल्लक असते. कारण त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. अशा मापकाची काच उघडू नये. कार्बाइडच्या दिव्यात जुना कॅल्शियम कार्बाइड उरला असेल तर पाणी लागताच अ‍ॅसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. म्हणून तो धुण्यापूर्वी आत काय आहे हे पाहणे इष्ट.

३. पहिला प्रश्न : भाग काय करतो?

‘हा कोणत्या गाडीचा भाग?’ हा प्रश्न सामान्यतः प्रथम विचारला जातो. वस्तुतः तो शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘हा भाग कोणते कार्य करतो?’ असा असावा. वस्तूत काय आत येते आणि काय बाहेर पडते, हे पाहिल्यास बहुतेक भागांचा वर्ग ठरतो. एका बाजूला इंधनाची नळी, दुसऱ्या बाजूला हवेची रुंद वाट, मधे अरुंद गळा आणि खाली तरंगती पेटी असेल तर तो कार्बुरेटर असतो. वर पाण्याची टाकी व थेंब सोडणारी तोटी, खाली स्वतंत्र कप्पा आणि वायूची नळी असेल तर ते अ‍ॅसिटिलीन जनित्र होय.

याच टप्प्यावर वस्तू वाहनाची आहे काय, हेही तपासले पाहिजे. शेतावरील तेलाचे इंजिन, पाण्याचा पंप, सिनेमागृहातील विद्युतजनित्र, शिवणयंत्र, होडीचे इंजिन यांचे कित्येक भाग वाहनभागांसारखेच दिसतात. ग्रामीण महाराष्ट्रात मोटारीपेक्षा इंजिन असलेली घरे अधिक होती. त्यामुळे ‘वाहनाचा भाग’ हे गृहीतकच सिद्ध करावे लागते.

४. पदार्थ आणि पृष्ठभाग

कार्य ठरल्यानंतर पदार्थाकडे वळावे. साध्या चुंबकाने लोखंडी भाग वेगळे होतात. वजन आणि रंग यांवरून पितळ, अ‍ॅल्युमिनियम व जस्ताचे मिश्रधातू बहुधा ओळखता येतात. पितळी दिवे व भोंगे पहिल्या महायुद्धापूर्वीच्या मोटारींचे वैशिष्ट्य होते. किंचित पिवळसर छटेचा निकेलचा मुलामा आधीचा. निळसर चकाकीचा क्रोमचा मुलामा वाहनांवर १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आला. बेकेलाइटचा शोध १९०७ मधील असल्याने त्याचे मूळ झाकण असलेली वस्तू त्यापूर्वीची असू शकत नाही. जस्ताच्या साच्यातील जुन्या ओतीव भागांना जाळीदार भेगा पडून ते आपोआप फुटू लागतात. मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिल्याचा हा परिणाम असून तो विशेषतः दोन महायुद्धांदरम्यानच्या वस्तूंत आढळतो.

असे पुरावे बहुधा केवळ ‘याआधीची नाही’ एवढेच सांगतात. ‘यानंतरची नाही’ असे ते सांगत नाहीत. कारण जुना पदार्थ नंतरही वापरला जाऊ शकतो, आणि जुन्या भागावर नवा मुलामाही चढवला जातो.

५. मापे आणि आटे

बोल्टाचे आटे म्हणजे यंत्राची मातृभाषा, असे म्हणता येईल. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये सुचविलेल्या ब्रिटिश पद्धतीत आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो. अमेरिकी व मेट्रिक पद्धतींत तो ६० अंशांचा असतो. ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी १९४८ मध्ये एकरूप आट्यांची पद्धत मान्य केली आणि पुढील काळात ब्रिटिश वाहनांतून व्हिटवर्थ पद्धत हळूहळू मागे पडली. आटे मोजण्याच्या पात्यांचा संच कोणत्याही यंत्रशाळेत असतो. त्याने इंचामागे किती आटे आहेत हे मोजले, तर वस्तू ब्रिटिश, अमेरिकी की युरोपीय परंपरेतील हे पुष्कळदा काही मिनिटांत समजते.

येथेही अपवाद आहेत. ब्रिटिश सायकल व मोटारसायकलींच्या खास आट्यांचा कोन ६० अंशांचा असून इंचामागे २६ आटे हे त्यांचे नेहमीचे प्रमाण होय. स्पार्क प्लगचे आटे तर इंग्लंड-अमेरिकेतही पुष्कळदा मेट्रिक, म्हणजे १८ किंवा १४ मिलिमीटरचे, असत. फोर्डच्या ‘मॉडेल टी’चा प्लग मात्र अर्ध्या इंचाच्या नळाच्या निमुळत्या आट्यांचा होता. भारतीय गॅरेजमध्ये आटे गेलेल्या भोकात नवे, वेगळ्या मापाचे आटे पाडण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. म्हणून एका बोल्टावर विसंबू नये. किमान तीन ठिकाणचे आटे तपासावेत.

६. अक्षरे, अंक आणि मुद्रा

वस्तूवरील अंक सापडला की शोध संपला असे वाटते. प्रत्यक्षात येथेच सर्वाधिक चुका होतात. उठावदार अंक बहुधा साच्याचा असतो. तो ओतकामाच्या नमुन्याची ओळख देतो, तयार भागाची नव्हे. ठोकून उमटविलेला अंक हा भागक्रमांक, अनुक्रमांक किंवा तारीख यांपैकी काहीही असू शकतो. बर्मिंगहॅमच्या ल्युकस कंपनीच्या विद्युत भागांवर नमुन्याच्या नावाबरोबर महिना व वर्ष उमटविलेले आढळतात. ‘६ ४९’ म्हणजे जून १९४९. फोर्डच्या १९६० च्या दशकातील भागक्रमांकात ‘सी’ हे आद्याक्षर दशक दाखवते आणि पुढचा अंक वर्ष दाखवतो. ‘सी ५’ म्हणजे १९६५. मात्र ते त्या भागाच्या आराखड्याचे वर्ष असते. तो विशिष्ट नग नंतरही बनलेला असू शकतो.

पेटंट क्रमांक हा दुसरा विश्वसनीय दुवा. अमेरिकेचे दहा लाखावे पेटंट १९११ मध्ये दिले गेले, आणि योगायोगाने ते वाहनाच्या टायरचेच होते. वीस लाखावे १९३५ मध्ये व तीस लाखावे १९६१ मध्ये दिले गेले. ब्रिटनमध्ये १९१६ पर्यंत क्रमांक दरवर्षी नव्याने सुरू होत. त्या वर्षापासून १,००,००१ पासून अखंड मालिका सुरू झाली. पेटंट क्रमांक वस्तूच्या निर्मितीची पूर्वसीमा ठरवतो. निर्मितीचे नेमके वर्ष तो देत नाही.

मुद्रा फसवूही शकते. दुसऱ्या महायुद्धात विलिज कंपनीच्या आराखड्यानुसार फोर्डनेही जीप बनविली आणि आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटविले. तथापि लष्करी दुरुस्तीकेंद्रांत दोन्ही कंपन्यांच्या जीपगाड्यांचे भाग सर्रास अदलाबदल झाले. त्यामुळे ‘एफ’ असलेला एक बोल्ट संपूर्ण गाडी फोर्डची असल्याचे सिद्ध करीत नाही.

७. भारतीय संदर्भातील खुणा

परदेशी संदर्भग्रंथांत न आढळणाऱ्या काही खुणा भारतीय वस्तूंवर व त्यांच्या खोक्यांवर असतात. किंमत आण्यांत छापलेली असेल तर वस्तू साधारणतः १९५७ पूर्वीची. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ या काळातील असण्याची शक्यता अधिक. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘मद्रास राज्य’ १९६९ मध्ये तामिळनाडू झाले व ‘म्हैसूर राज्य’ १९७३ मध्ये कर्नाटक झाले. बॉम्बेचे अधिकृत नाव १९९५ मध्ये मुंबई झाले. ‘आय. एस. आय.’ हे चिन्ह १९५० च्या दशकातील प्रमाणन कायद्यानंतरचे आहे. बंगळूर येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ‘मायको’ हे नाव २००८ मध्ये बॉश असे बदलले. एकेक खूण ढोबळ असली तरी तीन-चार खुणा एकत्र आल्यास काळाची चौकट बरीच आवळता येते.

मात्र भारतीय वाहनउद्योगाचे स्वरूपच असे होते की भागावरून एकच एक वाहन ठरविणे कठीण जाते. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी ही मूळ इटालियन फियाट ११०० ची वंशज. हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची वंशज. महिंद्रची जीप विलिजची वंशज. बजाजची आरंभीची स्कूटर इटलीच्या व्हेस्पाच्या परवान्यावर तयार झालेली. त्यामुळे भाग ट्यूरिनचा की कुर्ल्याचा, हे केवळ आकारावरून सांगता येत नाही. आयात परवान्यांच्या काळात सुटे भाग मिळत नसत. तेव्हा कुशल कारागिरांनी ते लेथवर घडविले किंवा दुसऱ्याच गाडीचे बसविले. कोणतीही मुद्रा नसलेला, हाताने घडविलेला भाग हा म्हणूनच टाकाऊ नसतो. स्थानिक कारागिरीचा तो स्वतंत्र दस्तऐवज असतो.

८. उदाहरण : मॅग्नेटो

वरील क्रमाचा प्रत्यक्ष उपयोग कसा होतो हे एका परिचित भागाच्या आधारे पाहता येईल. चार-पाच किलो वजनाची वस्तू, बाहेर नालाच्या आकाराचे चुंबक, एका टोकास फिरणारा दांडा, दुसऱ्या टोकास पितळी झाकण व त्याखाली उघडझाप करणारे संपर्कबिंदू, वरच्या बाजूस तारा जोडण्याची चार टोके, असे वर्णन असेल तर ती वस्तू मॅग्नेटो होय. बॅटरीच्या साहाय्याशिवाय इंजिनाला ठिणगी पुरविणे हे तिचे कार्य. दांडा जोरात फिरविल्यास तीव्र विद्युत धक्का बसू शकतो, म्हणून जोडटोकांना हात लावू नये. आतला फिरता भागही बाहेर काढू नये. चुंबकाच्या टोकांमध्ये लोखंडी पट्टी न ठेवता तो काढल्यास जुन्या पोलादी चुंबकाची शक्ती कमी होते.

जोडटोकांची संख्या सामान्यतः सिलिंडरांची संख्या सांगते. येथे चार टोके म्हणजे चार सिलिंडर. दोन टोके असतील तर आतील कॅम पाहावा. त्याची दोन उंचवटे समोरासमोर, म्हणजे १८० अंशांवर, असतील तर इंजिनाच्या ठिणग्या समान अंतराने पडतात. ती १५५ व २०५ अंशांवर असतील तर ५० अंशांच्या व्ही आकाराचे दोन सिलिंडर असलेल्या मोटारसायकलीचा तो मॅग्नेटो ठरतो. कारण अशा चतुर्घाती इंजिनात ठिणग्यांमधील अंतर ३१० व ४१० अंशांचे असते आणि मॅग्नेटो इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. केवळ कोनमापकाने मिळणारा हा निष्कर्ष नाममुद्रेपेक्षा अधिक भक्कम असतो.

दांडा सावकाश फिरविताना मधेच अडून ‘टक्’ असा आवाज येत असेल तर तेथे आवेग देणारी जोडणी आहे. हाताने सुरू करावयाच्या ट्रॅक्टरांवर व स्थिर इंजिनांवर ती विशेषत्वाने आढळते, म्हणून मोटारीचा दावा येथे दुबळा होतो. दुसरीकडे, डिझेल इंजिनात दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटत असल्याने त्याला मॅग्नेटो लागत नाही. त्यामुळे घरच्या डिझेल पंपाचा तो भाग असण्याची शक्यता बाद होते.

आता काळ. बॉश कंपनीतील गोटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्चदाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. वर्तुळातील आर्मेचरचे बॉशचे सुप्रसिद्ध चिन्ह १९१८ मधील आहे; ते मुद्रित असेल तर वस्तू त्यानंतरची. मात्र ‘बॉश’ हे नाव म्हणजे जर्मनीच असे नव्हे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने तेथील बॉशची मालमत्ता जप्त करून विकली आणि ‘अमेरिकन बॉश’ ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली. ब्रिटनला १९१४ पर्यंत जर्मन मॅग्नेटोंवर अवलंबून राहावे लागत होते. युद्धाने पुरवठा तुटताच तेथे देशी निर्मिती वेगाने वाढली. पुढे १९३० च्या दशकात अ‍ॅल्निको हे प्रबळ चुंबकीय मिश्रधातू उपलब्ध झाल्यावर मोठ्या नालाकृती चुंबकाची गरज उरली नाही. म्हणून बाहेर दिसणारे मोठे नालाकृती चुंबक हेही साधारणतः त्यापूर्वीच्या काळाकडे निर्देश करते.

एवढ्या तपासणीनंतर ‘चार सिलिंडरच्या पेट्रोल किंवा केरोसीन इंजिनाचा, १९१८ ते १९४० च्या दरम्यानचा मॅग्नेटो’ असे विधान करता येईल. ‘अमुक साहेबांच्या अमुक मोटारीचा’ असे विधान मात्र करता येणार नाही.

९. स्मृती, कागद आणि निष्कर्षाच्या पायऱ्या

कौटुंबिक आठवणींना यात स्थान नाही असे नव्हे. आठवण हा शोधाची दिशा देणारा पुरावा आहे. निकाल देणारा नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांची माहिती त्यांना वस्तूचा अंदाज सांगण्यापूर्वी नोंदवावी. अन्यथा सुचविलेले उत्तरच आठवण म्हणून परत येते. नोंदणीपुस्तक, विम्याची पावती, पेट्रोल शिधापत्रक, मोटारीसह काढलेले छायाचित्र यांपैकी एखाद्या कागदाशी वस्तू जुळली तरच विशिष्ट वाहनाचा दावा करावा.

निष्कर्ष मांडताना पाच पायऱ्या स्वतंत्र ठेवणे उपयुक्त ठरते : वस्तूचे कार्य, तिची तांत्रिक परंपरा, काळाची चौकट, ज्या वाहनांवर ती बसू शकते त्यांचा गट, आणि प्रत्यक्ष ज्या वाहनावर ती होती ते वाहन. पहिल्या तीन पायऱ्या बहुतेक वेळा गाठता येतात, चौथी काही वेळा, पाचवी क्वचितच. ज्या पायरीवर पुरावा संपतो तेथेच थांबणे ही उणीव नसून पद्धतीची शिस्त होय.

या ओळखीचे व्यावहारिक परिणामही आहेत. केंद्र शासनाने २०२१ मध्ये नियमांत सुधारणा करून पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद केली. सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मूलभूत बदल नसणे ही तीतील एक अट आहे. म्हणून मूळ भागांना महत्त्व आले आहे. तसेच पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या अधिनियमात विज्ञान व कारागिरीच्या द्योतक अशा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचाही अंतर्भाव होऊ शकतो आणि अशा पुरावस्तू खाजगी व्यक्तींना निर्यात करता येत नाहीत. १९१० च्या सुमाराचा दिवा परदेशी ग्राहकास पाठविण्यापूर्वी हा मुद्दा तपासणे आवश्यक आहे.

१०. महाविद्यालयीन अध्यापनातील स्थान

अशी एक वस्तू अनेक विभागांना एकत्र आणू शकते. चुंबकत्व व विद्युतप्रवर्तन पदार्थविज्ञानाचे, मुलामा व गंज रसायनशास्त्राचे, परवाने व आयातधोरण वाणिज्य-अर्थशास्त्राचे, मौखिक साक्ष व कागदपत्रे इतिहासाचे विषय आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील अशा वस्तूंची छायाचित्रे, मापे व सापडण्याच्या जागा यांची प्रमाणित नोंद केल्यास खर्चाविना स्थानिक यंत्रसंस्कृतीची सूची तयार होऊ शकेल. वस्तू घरीच राहील. नोंद मात्र अभ्यासकांना उपलब्ध होईल.

११. समारोप

अनोळखी वाहनभागाची ओळख हा केवळ छांदिष्टांचा विषय नाही. वस्तूपासून कार्याकडे, कार्यापासून परंपरेकडे, परंपरेपासून काळाकडे आणि शेवटी वाहनाकडे जाणारा क्रम पाळल्यास साध्या साधनांनीही विश्वसनीय निष्कर्ष काढता येतात. साफसफाईपूर्वी नोंद, एका खुणेऐवजी खुणांचा समूह, आणि पुराव्याइतकेच विधान ही त्या पद्धतीची तीन सूत्रे होत. वाहने विसाव्या शतकात गावोगाव पोहोचली; त्यांचे अवशेष आज माळ्यांवरून भंगाराच्या काट्यावर जात आहेत. काट्यावर चढण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची एकदा रीतसर तपासणी व नोंद झाली, तरी पुढील अभ्यासकांसाठी बरेच साधन शिल्लक राहील.